फिशटँकमध्ये झाडं लावताय? लाइट घेताना या चुका टाळा

घोडबंदर रोडला आमच्या हॉलमध्ये पश्चिमेची खिडकी आहे. पहिली टाकी मी तिच्याखालीच ठेवली, आयतं ऊन मिळेल म्हणून. पंधरा दिवसांत पाणी इतकं हिरवं झालं की मासे दिसेनात. पाणी बदललं की दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच. शेवटी टाकी सरकवली, चार दिवस चादरीने झाकली, एअर पंप चालू ठेवला, तेव्हा पाणी निवळलं. टाकीला खिडकीचं ऊन नकोच.

दुकानात आपण विचारतो, ‘किती वॅटचा?’ वॅटवरून फक्त वीज किती खाणार ते कळतं. लुमेन, म्हणजे लाइट उजेड किती देतो ते, विचारा. दोन बाय एक बाय एक फुटाच्या टाकीत साधारण 56 लिटर पाणी मावतं. अनुबियास, जावा फर्नसारख्या सोशिक झाडांना लिटरमागे 15 ते 20 लुमेन पुरतात, म्हणजे हजार-अकराशे लुमेनचा लाइट बास. रोटालासारखं लाल झाड किंवा खाली हिरवळ हवी असेल तर दुप्पट लागतो, पण मग सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायू) आणि खतही द्यावं लागतं. नुसता उजेड वाढवला तर शेवाळच माजतं. रंग 6500 केल्विनच्या (उजेडाच्या रंगाचं माप) आसपासचा पांढरा घ्या. निळ्या-गुलाबी शोभेच्या पट्टीवर झाडं जगवू नका.

लाइट जास्त होतोय की कमी, ते झाडच सांगतं. अनुबियासच्या जुन्या पानावर नख फिरवून बघा. हिरवे ठिपके घट्ट बसलेत, खरवडूनही निघत नाहीत? बहुतेकदा उजेड जास्त होतोय. लाइट चार इंच वर घ्या किंवा तास कमी करा, पण दोन्ही एकदम नको, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. ठिपक्यांची पानं कापा आणि नव्या पानांवर लक्ष ठेवा. उलट, झाड उंच सुटलंय, दोन पेरांमधलं अंतर वाढलंय, खालची पानं गळतायत, तर उजेड तळापर्यंत पोचत नाही.

रोज 6 ते 8 तास पुरेत. लोकलने घरी यायला रात्रीचे आठ वाजत असतील, तर टायमर दुपारी तीन ते रात्री दहा लावा, म्हणजे टाकी बघायलाही मिळेल. चकतीचा टायमर वीज गेली की मागे पडतो, तेवढा तपासत जा.

आणि नवा लाइट घेण्याआधी झाकणाची काच बघा. टँकरच्या पाण्याचे पांढरे डाग त्यावर साचत जातात आणि बराच उजेड अडवतात. काच बाहेर काढून व्हिनेगरने पुसा, स्वच्छ धुवा, मग आठवडाभर झाडं बघा.