"तुम्हालाही लिथियम आहे का, ताई?"

मानसिक आजार असलेल्यांना सोबत करायच्या या कामाला लागून मला तीन महिने झाले होते. मानसोपचाराच्या ओपीडीबाहेरच्या बाकावर विशीतला एक मुलगा बसला होता. चार दिवसांपूर्वीच डिस्चार्ज मिळालेला, नजर जमिनीवर, कुणाशी बोलायचंच नाही असं ठरवून आलेला. मी चहाचा कप घेऊन शेजारी बसले. मानसिक आजारावर मी लिथियमच्या गोळ्या घेते, त्यामुळे माझ्या हाताला बारीक कंप आहे. कप काठोकाठ भरलेला, त्यामुळे थोडा चहा ओढणीवर सांडला. त्याने आधी माझ्या बोटांकडे पाहिलं, मग स्वतःच्या. तीही तशीच थरथरत होती.

"तुम्हालाही लिथियम आहे का, ताई?"

"हो. अकरा वर्षं झाली."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "घरी सांगितलं तर म्हणतात, घाबरतोस म्हणून हात कापतात."

पुढचा अर्धा तास आम्ही हातांबद्दलच बोललो. कप अर्धाच भरून घ्यायचा. सही करताना मनगट टेबलावर टेकवायचं. कंप एकदम वाढला, उलट्या-जुलाब सुरू झाले, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना गाठायचं. यातलं काहीही मी पुस्तकात वाचून त्याला सांगितलं नव्हतं, आणि त्यालाही ते कळलं होतं.

संस्थांमध्ये या कामाला पीअर सपोर्ट म्हणतात. आपल्याकडच्या स्वमदत गटांत आजार असलेल्याला शुभार्थी आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. त्या भाषेत सांगायचं तर इथे एक शुभार्थी दुसऱ्या शुभार्थीची सोबत करतो. आपल्याला हे अगदीच नवीन नाही. १९८६ साली सुरू झालेल्या पुण्याच्या मुक्तांगणमध्ये व्यसनातून बाहेर आलेली कितीतरी माणसं पुढे तिथलीच कार्यकर्ती झाली. दारू सुटलेला माणूस दुसऱ्याची दारू सोडवायला मदत करतो हे आपल्याला पटतं. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरसारखा मानसिक आजार असलेल्या माणसाबद्दल मात्र "याला स्वतःलाच सांभाळायला माणूस लागतो" असं अजून ऐकावं लागतं. अहमदाबादच्या सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालयात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्राच्या मदतीने अशा सोबत्यांना प्रशिक्षण देऊन कामाला लावलं गेलं. ते वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हे आपल्यालाही जमेल.

सुरुवातीला माझं काय चुकलं तेही सांगते, कारण नवीन येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं तेच चुकतं. दुसऱ्याच आठवड्यात एका घरी गेले आणि माझी सगळी कहाणी सांगून टाकली. मॅनिया म्हणजे बेभान उत्साहाचे दिवस, उडवलेले पैसे, दोन वेळा अ‍ॅडमिट होणं, सुटलेली नोकरी, मग पुन्हा उभं राहणं. खूप मोकळं वाटलं मला. त्या मुलाची आई डोळे पुसत त्याच्याकडे वळली आणि म्हणाली, "बघ, या ताई एवढ्या आजारी होत्या, तरी आज नोकरी करतात. तूच मनावर घेत नाहीस." मुलगा उठून आतल्या खोलीत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. त्यानंतर त्याने माझा फोन कधीच उचलला नाही. माझं बरं होणं त्याला मारायची छडी झालं होतं, आणि ती छडी मीच त्या माउलीच्या हातात दिली होती.

तेव्हापासून प्रत्येक भेटीनंतर वहीत दोन आकडे लिहिते. भेट किती मिनिटं चालली आणि त्यात मी स्वतःबद्दल किती मिनिटं बोलले. चाळीस मिनिटांत माझी पाचाच्या वर गेली, तर त्या दिवशी मी माझ्यासाठी बोलत होते असं समजते. घरच्यांना पहिल्याच भेटीत सांगते, "काकू, त्याची माझ्याशी तुलना करू नका. मला नुसतं वेळेवर उठून आंघोळ करायला लागायला दोन वर्षं गेली."

मग हे काम सुरू कधी करायचं? पूर्ण बरं होण्याची वाट बघू नका, आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या बाबतीत तसा दिवस येतच नाही. माझी कसोटी साधी आहे. अ‍ॅडमिट होतानाची गोष्ट कुणाला सांगितली आणि त्या रात्री नेहमीसारखी झोप लागली, तर तयारी झाली आहे. झोप उडाली, तर अजून थोडं थांबा. तोवर एखाद्या स्वमदत गटात वर्षभर नियमित जा, आणि शुभार्थी म्हणूनच जा. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे. कॅनडात स्थायिक झालेल्या डॉ. जगन्नाथ वाणींनी स्वतः शुभंकर म्हणून जे सोसलं, त्यातून ती उभी राहिली. गटात बसून सगळ्यात आधी गप्प राहायला शिकता येतं.

डॉक्टर-नर्सची असते तशी आपल्या कामाची सरकारी नोंदणी नसते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मानसशास्त्रज्ञ, परिचारिका, सामाजिक कार्यकर्ते यांच्या व्याख्या आहेत, आपली नाही. मात्र राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणावर मानसिक आजार असलेल्या किंवा होऊन गेलेल्या व्यक्तींचे दोन प्रतिनिधी घ्यावेत, असं त्याच कायद्यात लिहिलं आहे. ते कलम मी लाल पेनाने अधोरेखित करून ठेवलं आहे.

आता पैशांचं. मी आधी जिथे काम केलं, तिथे सगळे मला 'आमच्या पेशंट ताई' म्हणायचे. देणगीदार आले की मला पुढे बसवून अनुभव सांगायला लावायचे आणि केसची मीटिंग सुरू झाली की बाहेर थांबायला सांगायचे. मानधन इतकं होतं की महिन्याच्या शेवटी बसच्या पाससाठी भावाकडे हात पसरावा लागायचा. ते दिवस आठवले की अजूनही राग येतो, आणि तो यायलाच हवा असं मला वाटतं. म्हणून रुजू होण्याआधी विचारा: पगार की मानधन, आणि किती? दर आठवड्याला माझ्याशी बोलायला वरिष्ठ कोण? मीटिंगमध्ये मी असेन का? मी आजारी पडले तर कामाचं काय होणार? शेवटच्या प्रश्नावर समोरचे गडबडले, तर ती जागा घेऊ नका.

गोळ्यांबद्दल अवाक्षर काढायचं नाही. "ताई, अर्धीच घेऊ का?" हे रोज कुणीतरी विचारतंच, आणि आपल्याकडे उत्तर असतं, म्हणूनच जीभ आवरणं कठीण जातं. मी म्हणते, "चल, हाच प्रश्न कागदावर लिहू आणि डॉक्टरांना विचारू." ओपीडीत तीन-चार मिनिटंच मिळतात. कागद हातात असला की माणूस आत जाऊन "बरं आहे" एवढंच बोलून परत येत नाही. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी सिव्हिलमध्ये कुणासोबत रांगेत उभं राहणं हेही आपलंच काम. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मानसिक आजार अपंगत्वात धरला आहे, पण कोणत्या खिडकीवर कोणता कागद लागतो हे एकदा तिथे उन्हात उभं राहिलेल्यालाच ठाऊक असतं.

आणि पहिल्या भेटीतच, काही घडण्याआधी, सांगून ठेवायचं: "तू सांगशील ते माझ्यापाशी राहील. पण तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मी ते एकटीपाशी ठेवणार नाही. कुणाला सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू." टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मी हाताने लिहून देते. तो चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. रात्री आठनंतर माझा फोन बंद असतो, हेही त्याच कागदावर लिहिते. पहिलं वर्षभर मी फोन उशाशी घेऊन झोपायचे. ते दोघांसाठीही चांगलं नव्हतं.

माझ्या आताच्या वरिष्ठांच्या खणात आणि बहिणीच्या कपाटात एकेक कागद आहे. मी बरी असताना माझ्याच अक्षरात लिहिलेला. पहिली ओळ अशी: 'रात्री दोन वाजता उठून डबे घासायला लागले, तर मला विचारत बसू नका, डॉक्टरांना फोन करा.' खाली डॉक्टरांचा नंबर, कोणाला कळवायचं, कोणाला नाही, माझ्या केसेस कोण बघणार. तुम्हीही रुजू व्हायच्या आधी असा कागद लिहा.

मागच्या पावसाळ्यात बहिणीने तो बाहेर काढला. सोळा दिवस सुट्टीवर होते. परत आले तेव्हा तो मुलगा त्याच बाकावर होता. आता त्याचीच ओपीडीत एक-दोघांशी ओळख झाली होती. सुट्टी कशासाठी होती ते मी एका वाक्यात सांगितलं. त्याने सरकून मला जागा दिली आणि विचारलं, "ताई, लिथियमची रक्तातली लेव्हल केलीत का?"