समतोल स्थिरांक लिहिण्याआधी समीकरण वाचा

रासायनिक समतोलाचा, म्हणजे पुढची आणि उलटी अभिक्रिया सारख्याच वेगाने चालते त्या स्थितीचा, धडा आला की सगळे समतोल स्थिरांकाचं सूत्र घोकतात: वर उत्पादितांच्या संहती (दर लिटरमागे किती मोल), खाली अभिकारकांच्या, समीकरणातले सहगुणक घातांकात. सूत्र बरोबरच आहे. पण शिकवताना मला दिसतं ते असं, की गाडी अडते ती समीकरण नीट न वाचल्यामुळे. स्थिरांक अभिक्रियेचा असतो असं आपण सैलपणे म्हणतो. खरं तर तो समोर लिहिलेल्या समीकरणाचा असतो.

आकडे घालून बघा. हायड्रोजन आणि आयोडीनच्या एकेका रेणूपासून हायड्रोजन आयोडाइडचे दोन रेणू. समजा, समतोलाला पहिले दोघे प्रत्येकी ०.१ मोल प्रति लिटर आहेत आणि आयोडाइड ०.७. वर ०.७ चा वर्ग, म्हणजे ०.४९, खाली ०.०१. उत्तर ४९. आता तेच समीकरण दोनाने भागून लिहा: वर नुसते ०.७, खाली ०.१ च्या दोन वर्गमुळांचा गुणाकार, म्हणजे ०.१. उत्तर ७! उलटं लिहिलंत तर ४९ चा व्यस्त. भांड्यात मात्र काहीच बदललेलं नाही.

दुसरी गोष्ट अवस्थांची. बंद भांड्यात कॅल्शियम कार्बोनेट तापवलं की कॅल्शियम ऑक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड वायू बनतो. कार्बोनेट आणि ऑक्साइड हे दोन्ही घन पदार्थ सूत्राच्या राशीतून गळतात आणि उरतो फक्त कार्बन डायऑक्साइड. शुद्ध घनाचा तुकडा लहान असो वा मोठा, त्याची संहती तीच. म्हणून दोन्ही घन शिल्लक असेपर्यंत, त्याच तापमानाला आणखी कार्बोनेट टाकलं तरी वायूचा समतोल दाब वाढत नाही.

इथूनच ‘पाणी दिसलं की खोडा’ ही सवय लागते. विरल जलीय द्रावणात ते ठीक. तिथे पाणी सुमारे ५५ मोल प्रति लिटर असतं, थोडंफार वापरलं गेलं तरी फरक पडत नाही. पण ॲसेटिक आम्ल आणि इथेनॉल एकास एक मिसळून एस्टर बनवताना पाणी द्रावक नसतं, उत्पादित असतं. दोन तृतीयांश अभिक्रिया होऊन समतोल येतो. वर दोन तृतीयांशाचा वर्ग, खाली एक तृतीयांशाचा: उत्तर ४. पाणी खोडलंत तर हे चार कुठून आणणार?

बाकी, समीकरण तेच ठेवलं तर तापमान सोडून दुसऱ्या कशानेही हा स्थिरांक हलत नाही. आणि समतोल यायच्या आधीच्या संहती याच राशीत घातल्या तर मिळतो अभिक्रिया भागांक. तो स्थिरांकापेक्षा लहान असेल तर अभिक्रिया पुढे सरकते, मोठा असेल तर मागे.