दिवा हिरवा, तरी डिस्क गायब: नेटवर्क आणि स्टोरेज एकाच वायरवर आणताना या चुका टाळा

जुन्या सर्व्हरची मागची बाजू मोजून बघा. मॅनेजमेंटला २ केबल, व्हर्च्युअल मशीनच्या ट्रॅफिकला ४, चालू मशीन एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवायला २ आणि स्टोरेजला फायबर चॅनलच्या (डिस्कसाठीचं वेगळं नेटवर्क) २. झाल्या १०. रॅकमध्ये २० सर्व्हर असले की २००. त्याच जागी प्रत्येक सर्व्हरला २५ गीगाबिटच्या दोन वायरी आणि बीएमसीची (सर्व्हर बंद असला तरी तो दुरून हाताळू देणाऱ्या चिपची) एक, म्हणजे सगळ्या रॅकला ६०. हिशेब इतका सरळ असतो की मीटिंगमध्ये कोणी फारसे प्रश्न विचारत नाही.

घोळ नंतर होतो. आधी दहा वायरींवर वेगळं राहणारं ट्रॅफिक आता दोन वायरींवर एकत्र नांदायला लागतं, आणि त्यातल्या स्टोरेजला पॅकेट हरवलेलं खपत नाही. शिवाय बिघडलं तरी लिंक तुटत नाही. पोर्टचा दिवा हिरवा, पिंग जातोय, मॉनिटरिंग गप्प, आणि डेटाबेसवाले मात्र फोनवर. खालच्या बहुतेक चुका याच जातीच्या आहेत.

लॉगिन होतं, फॉरमॅट अडकतं

आय-स्कझीचं (डिस्कच्या आज्ञा आयपी नेटवर्कवरून नेणारी पद्धत) टार्गेट, म्हणजे स्टोरेजकडचं टोक, सापडतं, लॉगिन होतं, डिस्क दिसते. फॉरमॅट करायला घेतलं किंवा मोठी फाइल टाकली की सगळं ठप्प. हे दिसलं की आधी एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) तपासा, स्टोरेजवाल्यांना नंतर फोन करा.

कारण साधं आहे. लॉगिनची पॅकेट छोटी असतात, ती १५०० बाइटमध्ये आरामात बसतात. डेटा वाहायला लागला की होस्ट ९००० बाइटची पॅकेट सोडतो. वाटेतल्या एखाद्या स्विचवर जंबो फ्रेम (१५०० बाइटहून मोठी फ्रेम) चालू केलेली नसेल, तर तो फ्रेम तोडत नाही, तक्रारही करत नाही, नुसती टाकून देतो. मग टीसीपी तेच पॅकेट पुन्हा पाठवतो, ते पुन्हा टाकलं जातं.

तपासायचं असं: पिंगला ‘तुकडे करू नकोस’ हा पर्याय लावा आणि आकार ८९७२ द्या. ९००० मधून आयपी हेडरचे २० आणि आयसीएमपीचे ८ बाइट वजा केले की ८९७२ उरतात. नुसता ९००० आकार देऊन पिंग फसला म्हणून स्विचला दोष देणारे बरेच असतात. तो पिंग फसणारच. ८९७२ जात नाही आणि १४७२ जातो, याचा अर्थ मधे कुठेतरी १५०० राहिलंय. ईएसएक्सआयवर (व्हर्च्युअल मशीन चालवणारी व्हीएमवेअरची सिस्टिम) हीच तपासणी व्हीएमकेपिंग या आज्ञेने करा, आणि स्टोरेजच्या व्हीएमकर्नल पोर्टचं (होस्टच्या स्वतःच्या ट्रॅफिकसाठीचा पोर्ट) नाव देऊन करा, नाहीतर पिंग मॅनेजमेंटच्या वाटेने जाऊन तुम्हाला खोटा दिलासा देईल.

तपासणी एकदा करून भागत नाही. सर्व्हरच्या प्रत्येक पोर्टवरून स्टोरेजच्या दोन्ही कंट्रोलरच्या प्रत्येक पोर्टकडे पिंग गेला पाहिजे. हमखास राहून जाणाऱ्या जागा तीन: व्हर्च्युअल स्विच, दोन स्विचना जोडणारी आपसातली लिंक, आणि दुसरा स्विच. पहिल्या स्विचवर एमटीयू ९२१६ लावलेलं असतं, जोडीदारावर विसरलेलं असतं. सहा महिने काही कळत नाही. पहिला फेलओव्हर (एक वाट गेल्यावर दुसरीवर जाणं) झाला की कळतं.

जंबो लावायचंच का, हाही प्रश्न आहे. आजच्या कार्डांमध्ये पॅकेट तोडण्या-जोडण्याचं काम कार्डच करतं, त्यामुळे मिळणारा फायदा पूर्वीइतका मोठा नाही. सगळ्या वाटेवर नीट लावता येत नसेल तर सरळ १५०० ठेवा. अर्धवट जंबोपेक्षा ते शंभर पटीने बरं. फायबर चॅनल ओव्हर इथरनेटला (फायबर चॅनलच्या फ्रेम इथरनेटवरून नेणं) मात्र ही सूट नाही: फायबर चॅनलची फ्रेम २,१४८ बाइटपर्यंत जाते आणि तिचे तुकडे करता येत नाहीत. त्या ट्रॅफिकच्या क्लासचा एमटीयू १५०० राहिला तर डिस्क धड चालणारच नाहीत.

दोन लिंक बांधल्या, वेग तेवढाच

२५ च्या दोन लिंक एलएसीपीने (अनेक लिंक एक म्हणून चालवण्याची पद्धत) एकत्र बांधायच्या आणि आय-स्कझीला ५० मिळतील असं धरून चालायचं, ही दुसरी चूक. एलएसीपी पॅकेट वाटत नाही, प्रवाह वाटतो. पत्ते आणि पोर्ट यांच्या हॅशवर (त्यांच्यावरून काढलेल्या आकड्यावर) एक टीसीपी जोडणी एकाच लिंकला चिकटते. एका होस्टची एका टार्गेटशी एक जोडणी असेल तर दुसरी लिंक रिकामी बसते. स्टोरेजला मल्टिपाथ (एकाच डिस्ककडे अनेक वाटा) लागतं: दोन वेगळे व्हीलॅन (एकाच वायरवरची स्वतंत्र नेटवर्क), दोन वेगळे सबनेट (आयपी पत्त्यांचे गट), एक ‘ए’ स्विचवर, एक ‘बी’ स्विचवर, आणि वाटा निवडायचं काम ऑपरेटिंग सिस्टिमचं. आय-स्कझीऐवजी एनव्हीएमई ओव्हर टीसीपी घेतलंत तरी हेच, फक्त पोर्ट ३२६० ऐवजी ४४२० होतो आणि मल्टिपाथ लिनक्स कर्नलच्या आतच असतं.

ईएसएक्सआयवर पोर्ट बाइंडिंग (आय-स्कझीला ठरावीक पोर्टांशी बांधणं) वापरत असाल, म्हणजे दोन्ही पोर्ट एकाच सबनेटमध्ये असतील, तर प्रत्येक व्हीएमकर्नल पोर्टला एकच अपलिंक (कार्डाचा प्रत्यक्ष पोर्ट) ‘ॲक्टिव्ह’ हवी आणि दुसरी ‘अनयूज्ड’ हवी. ‘स्टँडबाय’ ठेवून चालत नाही. सबनेट वेगळे असतील तर बाइंडिंग लावूच नका. लावलंत तर होस्ट प्रत्येक पोर्टवरून प्रत्येक टार्गेट शोधत बसतो आणि रीस्कॅनला (डिस्क पुन्हा शोधायला) चहा पिऊन यायला पुरेल इतका वेळ लागतो.

लिनक्सवर आणखी एक खाच आहे. तुटलेल्या वाटेची वाट बघायचा आय-स्कझीचा डीफॉल्ट वेळ १२० सेकंद आहे. मल्टिपाथ असताना एवढं थांबण्यात अर्थ नाही. दुसरी वाट मोकळी असताना अॅप्लिकेशन दोन मिनिटं गोठून राहतं. हा वेळ ५ सेकंदांवर आणा. पण नुसती कॉन्फिगरेशन फाइल बदलून रीस्टार्ट केलं आणि ‘काही फरक पडला नाही’ म्हणून सोडून दिलं, असं करू नका. ती फाइल फक्त नव्याने सापडणाऱ्या टार्गेटना लागू होते. आधी सापडलेल्या टार्गेटच्या नोंदी वेगळ्या साठवलेल्या असतात. त्या आय-स्कझी-अॅडम या आज्ञेने एकेक अपडेट करून पुन्हा लॉगिन करावं लागतं.

थांबा म्हणणारा कोण, ते न बघता स्विचला शिव्या

फायबर चॅनलमध्ये समोरच्याकडे बफर मोकळा असल्याशिवाय फ्रेम सुटतच नाही. इथरनेटचा स्वभाव उलटा: जागा नसली की टाकून द्या. फायबर चॅनल ओव्हर इथरनेट आणि आरडीएमएवाला (प्रोसेसरला मधे न घेता एका सर्व्हरच्या मेमरीतून दुसऱ्याच्या मेमरीत डेटा नेणारा) रोसी, या दोघांसाठी तो स्वभाव बदलावा लागतो. प्रायोरिटीनुसार थांबवणं पीएफसी करतं, बँडविड्थची वाटणी ईटीएस करतं, आणि दोन्ही टोकांचं एकमत डीसीबीएक्स घडवतं. यातल्या प्रत्येक पायरीवर पाय घसरायची सोय आहे.

डीसीबीएक्स एलएलडीपीच्या (शेजारच्या उपकरणाला स्वतःची ओळख सांगणाऱ्या प्रोटोकॉलच्या) पॅकेटवर बसून जातं. सुरक्षा तपासणीच्या यादीत ‘एलएलडीपी बंद करा’ असं लिहिलेलं असतं, कोणीतरी इमानदारीने बंद करतं, आणि दुसऱ्या दिवशी स्टोरेजचे व्हर्च्युअल पोर्ट वर येत नाहीत. सर्व्हरच्या बाजूलाही तपासा. इंटेलच्या ७०० मालिकेतल्या कार्डांच्या फर्मवेअरमध्ये स्वतःचा एलएलडीपी एजंट असतो. तो पॅकेट आतल्या आत गिळतो, ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत काहीच पोचत नाही, आणि वर चालवलेला एजंट ‘शेजारी कोणी नाही’ म्हणतो. एजंट एकच ठेवा: फर्मवेअरचा किंवा सिस्टिमचा.

जुना सरसकट पॉझ (सगळं ट्रॅफिक एकदम थांबवणारा) आणि पीएफसी एकाच पोर्टवर लावू नका. ‘सगळंच लॉसलेस (पॅकेट न टाकणारं) करून टाकू’ हा मोहही टाळा. बॅकअपचं ट्रॅफिक लॉसलेस क्लासमध्ये गेलं की एका मंद सर्व्हरमुळे स्विचचा बफर भरतो, स्विच मागच्याला थांबवतो, तो त्याच्या मागच्याला. एका सिग्नलला अडकलेल्या गाडीमुळे मागचे तीन चौक तुंबावेत, तसं. लॉसलेस क्लास एकच ठेवा, सहसा प्रायोरिटी ३. रोसीमध्ये आधी ईसीएनची (गर्दीची आगाऊ सूचना देणारी) खूण लागून वेग कमी झाला पाहिजे, पीएफसी हा शेवटचा ब्रेक. पीएफसी वॉचडॉग चालू ठेवा. बिघडलेलं कार्ड सतत ‘थांबा’ ओरडत राहिलं तर तो ती रांग तोडतो.

तुंबलं की काउंटर असे वाचा. सर्व्हरकडच्या पोर्टवर स्विचला पॉझ येतायत, तर सर्व्हरला डेटा झेपत नाहीये. स्विच निर्दोष आहे. स्विच पॉझ पाठवतोय, तर गर्दी पुढच्या कुठल्यातरी बाहेर जाणाऱ्या पोर्टवर आहे, तिथपर्यंत माग काढा.

सर्व्हरला डेटा का झेपत नाही? बरेचदा कार्ड चुकीच्या स्लॉटमध्ये असतं. २५ च्या दोन पोर्टना ५० गीगाबिट लागतात. पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्डाचा स्लॉट ज्यावर चालतो ती जोडणी) तिसऱ्या पिढीच्या आठ लेन जेमतेम ६३ देतात, म्हणजे ठीक. पण स्लॉट दिसायला लांब आणि आतून चारच लेनचा असेल तर ३१ च्या आसपास मिळतात. लिंक २५ दाखवते, आठवड्याची टेस्ट पास होते, आणि दोन्ही पोर्ट एकदम भरले की पॉझ सुरू. कार्डाची क्षमता किती लेनची आणि प्रत्यक्ष जुळल्या किती, हे एलएसपीसीआय या लिनक्स आज्ञेच्या सविस्तर यादीत शेजारी-शेजारी दिसतं. बघायला दोन मिनिटं लागतात.

रोसीत आणखी एक गोष्ट: ट्रॅफिक राउट होत असेल तर व्हीलॅन टॅगमधली प्रायोरिटी वाटेत गळून पडते. स्विचने आयपी हेडरमधल्या डीएससीपीवर (प्राधान्याच्या खुणेवर) विश्वास ठेवायला हवा. नाहीतर सगळं प्रायोरिटी ० मध्ये जातं आणि पीएफसी कागदावरच राहतं. एका होस्टवर टेस्ट केली तर हे दिसणार नाही. आठ होस्ट एकदम लावा.

नेटिव्ह व्हीलॅन काढून टाकणं

फायबर चॅनल ओव्हर इथरनेट नव्याने उभारायला आज क्वचितच कारण सापडतं, पण चालू असलेल्या जागा पुष्कळ आहेत. तिथे होस्ट आपला स्टोरेज व्हीलॅन शोधतो तो बिनटॅगच्या फ्रेमने, नेटिव्ह व्हीलॅनवर (बिनटॅगच्या फ्रेम ज्यात जातात तो). ट्रंक (अनेक व्हीलॅन नेणारी लिंक) ‘साफ’ करताना नेटिव्ह व्हीलॅन काढला की शोध तिथेच थांबतो. स्टोरेजचा व्हीलॅन मात्र नेटिव्ह असता कामा नये, आणि ‘ए’ आणि ‘बी’ स्विचवर त्याचा क्रमांक वेगवेगळा हवा. दोन स्विचच्या आपसातल्या लिंकवर तो सोडू नका. सोडलात तर दोन वेगळ्या फॅब्रिकचा (स्टोरेजच्या स्वतंत्र नेटवर्कचा) अर्थच उरत नाही.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार

४८ पोर्ट गुणिले २५ म्हणजे १,२०० गीगाबिट. वर जायला १०० च्या चार अपलिंक, म्हणजे ४००. प्रमाण ३ ला १. वेब ट्रॅफिकला चालून जातं, पण स्टोरेज दुसऱ्या रॅकमध्ये असेल तर रात्रीच्या बॅकअपला ते दात दाखवतं. स्टोरेज त्याच स्विचच्या जोडीवर ठेवता आलं तर ठेवा. प्रत्येक लिंक रोजच्या वापरात निम्म्याच्या आत हवी, नाहीतर एक गेली की दुसरी बुडणार. ईटीएसमध्ये स्टोरेजला ५० टक्के दिले म्हणजे बाकीच्यांना ५० चं कुंपण घातलं, असंही नव्हे. ती गर्दीच्या वेळची किमान हमी आहे. स्टोरेज शांत असेल तेव्हा बाकीचे सगळी लिंक वापरतात.

जुनी फायबर, नवा वेग

ओएम३ प्रकारच्या फायबरवर १० गीगाबिट ३०० मीटर जायचं. २५ गीगाबिट त्याच फायबरवर ७० मीटरच जातं, ओएम४ वर १००. ‘केबल आहेतच’ म्हणणाऱ्याला आधी लांबी विचारा. तांब्याच्या डीएसी केबलला दोन्ही टोकांचं एफईसी (वाटेतल्या चुका दुरुस्त करणारी पद्धत) जुळावं लागतं, एकीकडे आरएस-एफईसी आणि दुसरीकडे काहीच नाही असं असेल तर लिंक वर येत नाही. निदान हा बिघाड दिसतो तरी. ५ मीटरची केबल असेल तर आरएस-एफईसी लागणारच.

फेलओव्हर तपासला, परतीचा प्रवास नाही

‘ए’ आणि ‘बी’ दोन्ही वाटा एकाच कार्डाच्या दोन पोर्टवरून काढल्या तर कार्ड गेलं की दोन्ही गेल्या. कार्डं दोन घ्या, पोर्ट आडवे-तिडवे वाटा. दोन्ही स्विच एकाच पीडीयूवर (रॅकमध्ये वीज वाटणारी पट्टी) नाहीत ना, हे डोळ्यांनी बघा, आराखड्यात नको.

मग डिस्कवर भार चालू ठेवून ‘ए’ स्विच बंद करा. बहुतेक ठिकाणी हे नीट पार पडतं आणि टाळ्या वाजतात. खरी परीक्षा स्विच परत चालू केल्यावर. त्याचे सर्व्हरकडचे पोर्ट लवकर वर येतात, अपलिंक आणि राउटिंग उशिरा. मधल्या काळात सर्व्हरला दिवा हिरवा दिसतो, तो ट्रॅफिक तिकडे ढकलतो, आणि ते सगळं खड्ड्यात. स्विचच्या जोडीत सर्व्हरकडचे पोर्ट उशिरा उघडण्याची सोय असते. सिस्को नेक्ससच्या व्हीपीसीमध्ये (दोन स्विच सर्व्हरला एकासारखे दाखवणारी सोय) ती ‘डिले रिस्टोअर’ नावाने आहे आणि डीफॉल्ट ३० सेकंद आहे. भरलेल्या स्विचला ते कमी पडतं. स्विचला पूर्ण उभं राहायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा आणि त्याहून जास्त ठेवा. ईएसएक्सआयच्या टीमिंगमध्ये फेलबॅक (पहिल्या वाटेवर आपोआप परतणं) ‘नो’ केलात तर आणखी सुरक्षित.

सगळं एका वायरवर आणताना बीएमसीचं नेटवर्क तेवढं वेगळंच राहू द्या, एखाद्या साध्या १ गीगाबिट स्विचवर. रॅक नवी मुंबईतल्या महापे-ऐरोलीच्या को-लोकेशनमध्ये (भाड्याच्या डेटा सेंटरमध्ये) आणि टीम पुण्यात असेल, तर मुख्य स्विच अडकल्यावर आत शिरायला तेवढीच वाट उरते. आणि केबलच्या दोन्ही टोकांना लेबल लावा, त्यावर सर्व्हर, कार्ड, पोर्ट आणि ‘ए’ की ‘बी’ हे चारही लिहा. रात्री दोनला फोनवर तिथल्या माणसाला ‘निळी केबल काढ’ सांगायची वेळ येते, तेव्हा रॅकमध्ये निळ्या केबल चाळीस असतात.