मुलाला हॅंड-फूट-माउथ झाल्यावर घराची साफसफाई कशी करावी

पावसाळा लागला की नवरात्रापर्यंत नर्सरी-केजीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कधी ना कधी हा निरोप येतोच: वर्गातल्या एका मुलाला हॅंड-फूट-माउथ झालंय, आपापल्या मुलांचे तळहात बघून घ्या. तळहात, तळपाय आणि ढुंगणावर लालसर पुरळ किंवा पाण्याचे फोड, तोंडात व्रण, दोन-तीन दिवस ताप आणि जेवणाला ठाम नकार, असा हा आजार. कॉक्सॅकी आणि त्याच कुळातले एंटेरोव्हायरस तो घडवतात. बहुतेक मुलं सात-दहा दिवसांत बरी होतात. डोकेदुखी असते ती घरातल्या दुसऱ्या मुलाला, शेजारच्या मुलाला आणि कधीकधी आईबापांनाही लागण होण्याची.

इंदूरकरांना स्वच्छतेचं महत्त्व सांगायला नको. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून सलग सात वेळा पहिला नंबर आलेलं शहर आहे. पण घरात असा आजार आला की हात सवयीनं फिनाईलच्या बाटलीकडे जातो, फरशी दोनदा पुसली जाते, दारात सॅनिटायझर ठेवलं जातं, आणि तरी चौथ्या दिवशी धाकट्याला ताप येतो. फ्लूच्या विषाणूभोवती चरबीचं आवरण असतं, साबणानं किंवा अल्कोहोलनं ते फाटतं आणि विषाणू निकामी होतो. हॅंड-फूट-माउथच्या आणि जुलाब-उलट्या घडवणाऱ्या रोटा, नोरो या विषाणूंना हे आवरणच नसतं. त्यामुळे सॅनिटायझर इथे भरवशाचं नाही. फिनाईल आणि जखमेवर लावायची अँटिसेप्टिक द्रावणंही नाहीत. कामाच्या गोष्टी दोनच: साबण लावून वाहत्या पाण्यानं विषाणू धुऊन काढणं, आणि वस्तूंसाठी क्लोरीन, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. मेडिकलवर ‘हायपो’ म्हटलं तरी कळतं.

हायपोचं पाणी कसं बनवावं

बाटलीवर टक्केवारी छापलेली असते आणि ती प्रत्येक कंपनीची वेगळी असते, म्हणून ‘एक झाकण’ या मापावर जाऊ नका. नेहमीच्या वापराला ०.१ टक्क्याचं पाणी लागतं. १०० ला बाटलीवरच्या टक्क्यानं भागा. येईल तितके मिलिलिटर हायपो घेऊन साध्या पाण्यानं एकूण एक लीटर करा. ५ टक्क्यांची बाटली असेल तर २० मिली, ४ टक्क्यांची असेल तर २५, १० टक्क्यांची असेल तर १०. खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं खुणांचं जुनं माप यासाठी चालतं, मात्र नंतर ते औषधाला वापरू नका. उलटी किंवा जुलाब सांडले असतील तिथे पाचपट कडक पाणी लागतं: ५ टक्क्यांचं १०० मिली हायपो आणि ९०० मिली पाणी.

पाणी थंडच घ्या, गरम पाण्यात क्लोरीन उडून जातं. रोज ताजं बनवा, उरलेलं संध्याकाळी संडासात ओता. वर्षभर गच्चीच्या कपाटात तापत पडलेली बाटली असेल तर नवी आणा. वास येत असला तरी जोर गेलेला असतो. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा आणि बनवलेलं पाणी कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका.

एक गोष्ट दोनदा वाचा. संडास धुण्याचं अ‍ॅसिड आणि हायपो एकत्र आले तर क्लोरीनचा विषारी वायू तयार होतो. ‘दोन्ही टाकलं की जास्त चकाचक’ म्हणून बंद बाथरूममध्ये हा प्रयोग करणारे लोक खोकत बाहेर येतात, काही थेट दवाखान्यात जातात. अ‍ॅसिड वापरायचंच असेल तर वेगळ्या दिवशी.

आधी साबण, मग हायपो, मग थांबणं

मळ, लाळ, दूध यांच्यावर क्लोरीन खर्ची पडतं आणि विषाणूपर्यंत पोचतच नाही. म्हणून वस्तू आधी साबणाच्या पाण्यानं धुवा, मग हायपो लावा. त्यानंतरची पायरी बहुतेक घरांत गळते: पृष्ठभाग दहा मिनिटं ओला राहू द्यायचा. फडका फिरवून लगेच कोरडं पुसलं तर मेहनत वाया जाते. दहा मिनिटांनी साध्या पाण्यानं पुसून घ्या. स्टीलवर हायपो राहिलं तर डाग आणि खड्डे पडतात.

फरशीपेक्षा हाताच्या उंचीवरच्या जागांकडे लक्ष द्या. दाराची कडी, लाइटची बटणं, फ्रिजचं हँडल, टीव्हीचा रिमोट, संडासातल्या जेटचा दांडा, बादलीची कड, मगाची मूठ. यातली मगाची मूठ जवळजवळ कुणीच धूत नाही. मोबाइल आणि रिमोटवर हायपो नको. साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्यानं दोन-तीनदा पुसा.

प्लॅस्टिकची खेळणी धुऊन दहा मिनिटं ०.१ टक्क्याच्या पाण्यात बुडवा, भरपूर पाण्यानं खळबळा आणि उन्हात वाळवा. चोखणी आणि दात येताना चावायच्या रिंगा उकळणं जास्त बरं, दहा मिनिटं, अर्थात कंपनीनं उकळायला मना केलेली नसेल तर. मऊ टेडीला गरम पाणी सोसत नसेल तर तो सरळ बांधून माळ्यावर टाका. आजारपणात मुलाजवळ चार धुता येणारी खेळणी पुरतात.

हात

साबण लावून वीस सेकंद चोळायचे: तळवे, हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखांची टोकं. मुलाचं ढुंगण धुतल्यावर, डायपर बदलल्यावर, नाक पुसल्यावर, फोडांना मलम लावल्यावर आणि स्वयंपाकाला लागण्याआधी. सगळ्यांची नखं कापून ठेवा.

गडबड नळाशी होते. मुलाला धुवून घाण झालेल्या हातानं नळ उघडतो, हात स्वच्छ होतात आणि त्याच नळाला हात लावून तो बंद करतो. हात चोळताना नळाच्या चावीलाही साबण लावा आणि ओंजळीनं पाणी टाकून तीही धुवा. ज्या भागात नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं तिथे भरलेल्या बादलीत मग बुडवून हात धुतले जातात. एकाचा घाण हात बुडाला की सगळी बादली गेली. तोटी असलेला पिंप किंवा कॅन बेसिनजवळ ठेवा, नाहीतर दुसऱ्या कुणाकडून पाणी ओतून घ्या. बेसिनवरचा सर्वांचा एकच नॅपकिन काढून टाका, प्रत्येकाचा पंचा वेगळा.

डायपर, उलटी, कपडे

विष्ठेतून हा विषाणू फोड सुकल्यावरही काही आठवडे बाहेर पडत राहतो, तेव्हा डायपर हीच खरी आघाडी. बदलायची जागा ठरावीक ठेवा, स्वयंपाकघरापासून लांब, खाली धुता येणारी शीट. घाण डायपर गुंडाळून वर्तमानपत्रात बांधा आणि महापालिकेच्या गाडीत सॅनिटरी कचऱ्याच्या वेगळ्या कप्प्यात द्या. ओल्या-सुक्यात मिसळू नका.

उलटी झाली तर आधी बाकीची मुलं खोलीबाहेर काढा. मास्क आणि हातमोजे घाला. झाडू फिरवायचा नाही, त्यानं शिंतोडे उडतात. वर रद्दीचा कागद टाका, त्यावर कडक हायपो हळूच ओता, दहा मिनिटांनी कडेकडून मध्याकडे गोळा करून पिशवीत बांधा. मग ती जागा आणि भोवतालचा दोन मीटरचा भाग साबणानं, त्यानंतर पुन्हा हायपोनं पुसा.

घाण कपडे झटकू नका. घट्ट मळ संडासात काढून टाका, मग मशीनला हीटर असेल तर ६० अंशांवर लावा. हीटर नसेल तर बादलीत कढत पाणी आणि पावडर घालून अर्धा तास भिजवा, काठीनं हलवा. हे कपडे इतरांच्या कपड्यांत नकोत. ऊन मिळेल तितकं द्या, पण पावसाळ्यात नुसत्या उन्हावर भिस्त नको.

उष्टं

मुलानं टाकलेला दहीभात वाया जाऊ नये म्हणून आई किंवा आजी तो संपवते. हा आठवडा ते बंद. एकाच चमच्यानं दोघांना भरवणं, फुंकर घालून घास देणं, आल्यागेल्यानं गालाचा पापा घेणं, हेही बंद. आजीला वाईट वाटेल, वाटू द्या. मुलाचं ताट, वाटी, पेला वेगळा ठेवा आणि गरम पाण्यानं घासा. तोंडातल्या फोडांमुळे आंबट-तिखट झोंबतं, म्हणून पोह्यांवर शेव आणि लिंबू नको; थंड दूध, ताक, मऊ भात चालतो. तापाला पॅरासिटामॉल वजनानुसार, डॉक्टरांना विचारून. अ‍ॅस्पिरिन मुलांना देऊ नका.

सहा-आठ तास शू झाली नाही, मूल सुस्त पडलंय, झोपेत वारंवार दचकतंय, उलट्या थांबत नाहीत, श्वास जोरात चाललाय किंवा ताप तीन दिवसांपुढे गेला, तर वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांकडे न्या.

शाळेत कधी पाठवावं

औषधाशिवाय चोवीस तास ताप नसावा, फोड सुकलेले असावेत आणि मूल नीट खातपीत असावं. जुलाब-उलट्यांच्या आजारात शेवटच्या जुलाबानंतर ४८ तास घरी ठेवा. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत.

शाळेत गेल्यावरही विष्ठेतून विषाणू जातच असतो, म्हणून मूल शीला गेल्यावर त्याचे आणि स्वतःचेही हात साबणानं धुवायला तिथल्या मावशींना स्पष्ट सांगा. बरं झाल्यावर महिन्या-सव्वा महिन्यानं एखाद्या मुलाची नखं मुळापासून सुटून येतात. आईबाप हादरतात, पण त्याला औषध लागत नाही. खालून नवं नख येत असतं. सुटलेलं नख ओढायचं नाही, अडकत असेल तर कडेनं कापायचं.