पॉलिमरपासून सिरॅमिक: भट्टीला दोष देण्याआधी या चुका टाळा

सिलिकॉनयुक्त पॉलिमरला आकार देऊन, त्याच्या साखळ्या एकमेकींना जोडून (हेच क्रॉसलिंकिंग), मग आर्गॉनसारख्या निष्क्रिय वायूत भट्टीत तापवले की त्याचे सिरॅमिक होते. त्यात नमुन्याचे तुकडे झाले की पहिला आळ भट्टीवर येतो. पुष्कळदा बिघाड त्याआधीच, क्रॉसलिंकिंगमध्ये, झालेला असतो. पॉलिसिलॅझेन किंवा पॉलिकार्बोसिलेन अशा पॉलिमरच्या साखळ्या नीट जोडल्या गेल्या नसतील, तर तापवताना छोटे रेणू वाफ होऊन निघून जातात. सिरॅमिकचा उतारा (पॉलिमरच्या वजनातून शेवटी उरणारा सिरॅमिकचा वाटा) घटतो आणि मऊ पडलेला नमुना फेसाळतो. म्हणून क्रॉसलिंकिंगच्या आधी आणि नंतर वजन करा. इथेच वजन बरेच घटले असेल, तर पुढे भट्टी कितीही जपून चालवली तरी उपयोग नाही. मिश्रणातली हवाही निर्वाताखाली आधीच काढून टाका.

सर्वांत हट्टी चूक मात्र जाडीची. पॉलिमरची घनता 1 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरच्या आसपास, सिरॅमिकची 2 च्या वर. शिवाय काही वस्तुमान मिथेन, हायड्रोजन अशा वायूंच्या रूपाने जाते. परिणामी प्रत्येक बाजू सुमारे 20 ते 30 टक्के आखडते. पातळ थर किंवा तंतू हे सोसतो, कारण वायूला बाहेर पडायला अंतर थोडे असते. निव्वळ पॉलिमरचा काही मिलिमीटर जाडीचा भरीव तुकडा बहुधा तडकतोच. जाडी हवीच असेल तर पूड मिसळा. सिलिकॉन कार्बाइडची पूड नुसती जागा अडवते. टायटॅनियमसारखी सक्रिय पूड कार्बन किंवा नायट्रोजनशी संयोग पावून आकारमानाने वाढते आणि आकुंचनाची थोडी भरपाई करते. बहुतेक वायू 400 ते 800 अंश सेल्सिअसमध्ये सुटतो; तिथे मिनिटाला 1 अंश हा वेग कंटाळवाणा असला तरी रास्त आहे.

पॉलिसिलॅझेनची बाटली उघडी ठेवू नका. ओलाव्याशी क्रिया होऊन अमोनिया सुटतो आणि पॉलिमरमधल्या नायट्रोजनची जागा ऑक्सिजन घेतो. बंद बाटलीतही दाब साठलेला असू शकतो, तेव्हा झाकण जपूनच उघडा.

काळा अपेक्षित असलेला नमुना पांढरट निघाला, तर आर्गॉनच्या नळीत गळती शोधा: आत शिरलेल्या ऑक्सिजनने कार्बन जाळून सिलिका मागे ठेवलेली असते. आर्गॉनऐवजी नायट्रोजन चालेल, पण सरसकट नाही. सुमारे 1400 अंशांच्या पुढे तो निष्क्रिय राहत नाही, सिलिकॉन नायट्राइड बनू लागते.

आणि ‘आणखी तापवू, घट्ट होईल’ हा मोह सिलिकॉन ऑक्सिकार्बाइडच्या (सिलिकॉन, ऑक्सिजन आणि कार्बन असलेल्या सिरॅमिकच्या) बाबतीत तरी आवरा. याच 1400 अंशांच्या आसपास त्यातला कार्बन ऑक्सिजन ओढून घेतो, कार्बन मोनॉक्साइड निघून जातो आणि नमुना हलका व सच्छिद्र होतो.