विंडोज अपडेट झाले, पण विनरारचे काय?

विंडोज अपडेटच्या पानावर हिरवी खूण दिसली की बहुतेक जण निश्चिंत होतात. पण ती खूण मुख्यतः विंडोजपुरती असते. विनरार आणि सेव्हन-झिप (दोन्ही झिप, रार अशा आर्काइव्ह, म्हणजे एकत्र बांधलेल्या फाइल उघडणारी), व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर, कधीकाळी टाकलेले जावा यांच्यातल्या सुरक्षेच्या त्रुटी विंडोज अपडेट बुजवत नाही. क्रोम आणि फायरफॉक्स स्वतःचे स्वतः अपडेट होतात (फक्त एकदा बंद करून उघडावे लागतात, आणि तेवढेच लोक करत नाहीत). विनरार मात्र आपणहून कधीच बदलत नाही. पाच वर्षांपूर्वी टाकले असेल, तर आजही तेच चालू आहे.

हे का महत्त्वाचे, ते विनरारच्याच इतिहासात दिसते. २०२३ च्या त्रुटीत (सीव्हीई-२०२३-३८८३१; सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या त्रुटीला मिळणारा ओळख क्रमांक) आर्काइव्हमधल्या साध्या फोटोवर दोनदा क्लिक केले की त्याच नावाच्या फोल्डरमध्ये लपवलेली स्क्रिप्ट चालत असे. ती ६.२३ मध्ये बुजली. २०२५ मध्ये दुसरी निघाली (सीव्हीई-२०२५-८०८८). फाइल एका फोल्डरमध्ये उघडतोय असे वाटायचे, पण आतला एक तुकडा गुपचूप स्टार्टअप फोल्डरमध्ये जाऊन बसायचा आणि पुढच्या लॉगिनला चालू व्हायचा. ती ७.१३ मध्ये दुरुस्त झाली. दोन्हींचा वापर दुरुस्ती येण्याआधीच हल्ल्यांत झाला होता.

म्हणून सुरुवात कुठून करायची, याचा माझा नियम सोपा आहे. बाहेरून आलेल्या फाइल जे सॉफ्टवेअर उघडते, ते आधी: आर्काइव्हवाले, पीडीएफवाले, व्हिडिओवाले, ऑफिस. कॅल्क्युलेटर आठवडाभर थांबला तरी चालेल.

यादी काढा. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून टर्मिनल (विंडोज १० मध्ये पॉवरशेल) उघडा. त्यात इंग्रजी अक्षरांत ‘विनगेट’, एक स्पेस आणि ‘अपग्रेड’ टाइप करून एंटर दाबा. विनगेट हे आदेश टाइप करून सॉफ्टवेअर टाकण्याचे आणि अपडेट करण्याचे मायक्रोसॉफ्टचे साधन; विंडोज ११ मध्ये ते आधीपासून असते. विंडोज १० मध्ये सापडले नाही, तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून ‘अ‍ॅप इन्स्टॉलर’ अपडेट करा. समोर तक्ता येईल: नाव, आयडी, आत्ताची आवृत्ती, उपलब्ध आवृत्ती. ज्यांची आवृत्ती विनगेटला ओळखता येत नाही, ती या तक्त्यात दिसत नाहीत. त्यांच्यासाठी आदेशाच्या शेवटी स्पेस देऊन दोन आडव्या रेघा आणि त्यांना चिकटून ‘इन्क्लूड-अननोन’ जोडा.

एकेक करून अपडेट करा. सगळे एकदम अपडेट करणारा ‘ऑल’ पर्यायही आहे, पण पहिल्या खेपेला तो नको. काही बिघडले तर कशामुळे, ते कळत नाही. आधी ते सॉफ्टवेअर पूर्ण बंद करा. उघडे असले तर जुन्या फाइल वापरात अडकतात आणि रीस्टार्ट होईपर्यंत सदोष आवृत्तीच चालत राहते. मग ‘विनगेट अपग्रेड’च्या पुढे तक्त्यातला आयडी जसाच्या तसा टाका. इन्स्टॉल करण्याची पद्धत बदलली आहे अशी तक्रार आली, तर जुनी आवृत्ती काढा आणि नवी नव्याने टाका.

हाताने डाउनलोड करायचे असेल तर निर्मात्याच्याच साइटवरून करा, शोधयंत्रातल्या जाहिरातीच्या लिंकवरून नाही. फाइलवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचर्स असे जाऊन सही कोणाची आहे ते पाहा. क्रॅक केलेल्या प्रतीला हा लेख लागू नाही. ती काढून टाकणे हीच तिची दुरुस्ती.

खरेच बदलले का, ते पाहा. इथेच जास्त चुका होतात. पूर्वी ३२-बिट विनरार होते आणि आता ६४-बिट टाकले, तर दोन्ही वेगवेगळ्या फोल्डरमध्ये सुखाने नांदतात, आणि डेस्कटॉपवरचा जुना शॉर्टकट जुन्यालाच उघडतो. त्यामुळे नेहमीच्याच शॉर्टकटवरून उघडून हेल्प मेन्यूतल्या अबाउटमध्ये आकडा वाचा. जावाच्या जुन्या आवृत्त्याही नव्याच्या शेजारी तशाच पडून राहू शकतात; त्या इन्स्टॉल्ड अ‍ॅप्समधून हाताने काढा. पेनड्राइव्हवरची किंवा नुसती फोल्डर कॉपी करून आणलेली पोर्टेबल प्रत बहुधा कुठल्याच यादीत येत नाही.

आणखी एक छुपी जागा आहे. २०२५ ची त्रुटी विंडोजवरच्या ‘अनरार डीएलएल’ या फाइलमध्येही होती, आणि ही फाइल इतर सॉफ्टवेअरही सोबत घेऊन फिरतात. सी ड्राइव्हवर ती शोधा. विनरारच्या फोल्डरबाहेर सापडली, तर ती ज्याची आहे ते सॉफ्टवेअर अपडेट करा. ती एकटीच बदलून टाकू नका, मूळ प्रोग्राम अडकू शकतो.

जुनी विनरार बरेच दिवस वापरात होती, तर स्टार्टअप फोल्डरही पाहून घ्या. विंडोज आणि आर कळ दाबा, इंग्रजीत ‘शेल’, विसर्गासारखे दोन टिंब आणि ‘स्टार्टअप’ असे सलग टाइप करा. अनोळखी शॉर्टकट दिसला तर त्यावर क्लिक न करता पूर्ण स्कॅन करा. अपडेट केल्याने दार बंद होते, आत आलेला बाहेर जात नाही.

पुढे लक्ष ठेवायला भारत सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेच्या सूचना उपयोगी पडतात. त्यात ‘अमुक आवृत्तीच्या आधीच्या सर्व’ असे लिहिलेले असते. तो आकडा आणि अबाउटमधला आकडा ताडून पाहिला की काम झाले.

राहिली ती निर्मात्याने सोडून दिलेली सॉफ्टवेअर. फ्लॅश प्लेअरचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला संपला. अजून असेल तर काढाच. पण एखाद्या छापखान्यात जुन्या पेजमेकर या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमधल्या फाइल उघडण्याशिवाय गत्यंतर नसते. तिथे त्या संगणकाचे इंटरनेट काढा, त्यावर मेल आणि ब्राउझर ठेवू नका, आणि ग्राहकाची झिप किंवा रार फाइल दुसऱ्या, अपडेट केलेल्या संगणकावर सोडवून, स्कॅन करून मगच आतला मजकूर तिकडे न्या.