इजिप्तचे खांब ओळखताना या चुका टाळा

कर्नाकच्या मोठ्या स्तंभमंडपाचे फोटो लोक हौसेने टाकतात आणि खाली लिहितात, ‘कमळाचे खांब’. तिथे 134 खांब आहेत आणि ते सगळे पपायरसचे, म्हणजे त्या पाणथळीतल्या लव्हाळ्याच्या रूपात कोरलेले. मधल्या 12 उंच खांबांवर उमललेला तुरा, बाजूच्या 122 खांबांवर मिटलेली कळी. फसवते ती ही कळी. कळी म्हटली की आपल्याला कमळच आठवतं.

आपण मान वर करून थेट शेंड्याकडे बघतो, इथेच चुकतं. आधी बुंध्याशी बघा. पपायरसचा खांब जमिनीपाशी आत घेतलेला असतो आणि तळाला टोकदार पानं कोरलेली असतात, चिखलातून कोंब वर येताना त्याला वेढून असतात तशी. कमळाचा खांब सरळ उभा, खाली आवळलेला नाही.

मग दांडा. पपायरस हा आपल्या नागरमोथ्याचा सख्खा भाऊबंद, दोघेही सायपेरस या एकाच वंशातले. बांधावरचा नागरमोथा तुऱ्यासकट उपटा आणि दांडा चिमटीत फिरवा. तीन धारा बोटांना लागतील. सक्काऱ्याला जोसर राजाच्या पिरॅमिडच्या आवारात, साडेचार हजारांहून जास्त वर्षांपूर्वी, भिंतीला चिकटलेल्या खांबांवर कारागिरांनी हाच तीनधारी दांडा कोरला. कमळाचे देठ मात्र गोल, म्हणून देठांच्या जुडीसारखा कोरलेल्या खांबातही ते गोलच. कर्नाकला धारा दिसणार नाहीत. पहिला सेती आणि दुसरा रामसेस या राजांच्या काळात तिथले दांडे गुळगुळीत ठेवून त्यांवर चित्रं आणि लेख कोरले. तिथे तळची पानंच कामाला येतात.

तरी शंका राहिलीच तर कळी बघा. कमळाच्या कळीवरची बाहेरची हिरवी दलं जवळजवळ वरपर्यंत पोचतात, पपायरसची खालीच संपतात.

आणि ‘कमळ’ म्हणताना जरा जपून. इजिप्तवाल्यांचं ते फूल म्हणजे कुमुद, पाण्यावर तरंगणाऱ्या, एका बाजूला चीर असलेल्या पानांचं. आपलं कमळ तिकडे इराणी अमलाच्या सुमारास पोचलं. आपल्या देवळांतल्या पद्माशी ते जुळवायला जाऊ नये.

खजुरीच्या खांबात लोक अख्खं झाड शोधतात. अबुसीरला साहुरे राजाच्या देवळातले ग्रॅनाइटचे खांब म्हणजे खरं तर काठीभोवती दोरीने बांधलेल्या झावळ्या. दोरीचे वेढे मोजता येतात, त्यांखाली तिचा लोंबता फासही दगडात आहे. मला तो फास कुठल्याही फुलाहून जास्त आवडतो.

चित्र काढणाऱ्यांची एक चूक नेहमीची: उमललेल्या तुऱ्याच्या कडेवर तुळई टेकवणं. भार कडेवर येतच नाही. तुऱ्याच्या मधोमध एक चौकोनी ठोकळा असतो, तुळई त्यावर बसते. खालून तो झाकला जातो, म्हणून फुलावर छत तरंगल्यासारखं वाटतं.

एडफू, फिली, एस्ना इथल्या देवळांत मात्र ओळखायचा हट्ट सोडा. टॉलेमी या ग्रीक घराण्याच्या आणि रोमनांच्या काळात खांबाच्या एकाच शीर्षावर अनेक वनस्पती गुंफल्या आहेत, शेजारच्या खांबावर पुन्हा वेगळ्या.